मग्न भूपट्टाचा विच्छेद

दुसऱ्या भूपट्टाखाली (भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या बाह्य कठीण थराचा सरकता तुकडा) सरकून प्रावरणात (कवचाखालील जाड थरात) बुडत असलेल्या भूपट्टाचा खालचा जड भाग वरच्या भागापासून ताणला जाऊन तुटणे, या प्रक्रियेस मग्न भूपट्टाचा विच्छेद म्हणतात. थंड व घन सागरी पट्ट स्वतःच्या भाराने खाली ओढला जातो. त्याच्या पाठोपाठ हलके खंडीय कवच आले की ते बुडण्यास विरोध करते आणि दोहोंच्या सांध्यावर ताण एकवटतो. तेथे पट्ट प्रथम निमुळता होतो व मग तुटतो. ही तूट किती खोलीवर होते याविषयी एकमत नाही. भूवैज्ञानिक डेव्हिस व फॉन ब्लांकेनबुर्ग यांच्या 1995 मधील प्रतिमानात ती साधारण 50 ते 120 किमी. होती, पुढील संगणकीय प्रतिमानांत मात्र याहून बरीच अधिक खोलीही संभाव्य ठरली.

विच्छेद सर्वत्र एकाच वेळी होत नाही. फट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते आणि तुटलेल्या भागाची ओढ अद्याप जोडलेल्या भागावर येते, असे भूभौतिकीविज्ञ वोर्टेल व स्पाकमन यांनी 2000 मध्ये भूमध्य सागरी प्रदेशाच्या संदर्भात मांडले. अशा ठिकाणी मध्यम खोलीचे (70 ते 300 किमी.) भूकंप लहानशा क्षेत्रात वारंवार होतात. रूमानियातील व्रांचा (4 मार्च 1977, नाभी म्हणजे भूकंप सुरू होण्याचे भूगर्भातील ठिकाण सुमारे 90 किमी. खोल) आणि हिंदुकुश (26 ऑक्टोबर 2015, परिमाण 7.5, नाभी 200 किमी.हून खोल) ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. व्रांचाखाली सागरी पट्ट नसून खंडीय शिलावरणाचा (कवच व त्याखालील कठीण प्रावरण यांचा) तळच सुटून खाली जात आहे, असाही एक पक्ष आहे. हिंदुकुशाबाबत विच्छेदाचा पुरावा त्यामानाने भक्कम वाटतो. एवढ्या दाबाखाली खडक मुळात तडकतो कसा, याचे उत्तर काही जण खनिजांतून सुटणाऱ्या पाण्यात, तर काही अरुंद पट्ट्यात घर्षणाने वाढत जाणाऱ्या उष्णतेत शोधतात.

खानदेशातही भूकंप व उष्ण झरे आढळतात, पण त्याच्याखाली बुडणारा भूपट्ट नाही. 14 मार्च 1938 च्या सातपुडा भूकंपाची (परिमाण सुमारे 6.3) नाभी अंदाजे 40 किमी. खोल मानली जाते, तथापि त्या काळच्या मोजक्या उपकरणांवर आधारलेला हा आकडा जपूनच घ्यावा लागतो. तो ग्राह्य धरला तरी नाभी कवचाच्या तळाशीच पडते. नर्मदा–तापी पट्ट्यातील प्राचीन विभंग (खडकांतील तडे) भारतीय भूपट्टावरील दाबाने पुन्हा हलणे, हेच त्याचे कारण अधिक संभवनीय दिसते. धुळे–नंदुरबार भागात शेतशिवारांतून सरळ रेषेत जाणाऱ्या काळ्या पाषाणाच्या नैसर्गिक भिंतींचाही विच्छेदाशी संबंध जोडता येत नाही : त्या सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हा-उद्रेकांच्या काळातील असून, भारतीय भूपट्टाच्या अग्रभागी असलेला टेथिस या आता लुप्त झालेल्या सागराचा तळ बहुधा त्यानंतर, सुमारे 4.5 कोटी वर्षांपूर्वी (काहींच्या मते थोडा आधी) तुटला. उनपदेव (ता. चोपडा) येथील उष्ण झऱ्याचे पाणी तापी पट्ट्यातील खोल भेगांवाटे वर येत असावे, असे सामान्यतः मानतात.