शीड उभारलं की दक्षिण

सिंधू, इजिप्त, चीन आणि ईस्टर बेट इथल्या लिप्यांमधली होडीसारखी चिन्हं एका रांगेत मांडायची आणि खाली लिहायचं, ‘सगळ्या लिप्यांचं मूळ एकच!’ असे तक्ते वरचेवर फिरत असतात आणि चांगली शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात. पण होडीचा आकार पाणीच ठरवतं. दोन्ही टोकं उचललेली, मध्ये खोलगट. कुठल्याही नदीकाठचा माणूस होडी काढेल ती अशीच.

हा मोह जुना आहे. १९३२ साली गिलोम द हेवेशी या हंगेरियन अभ्यासकाने सिंधू लिपी आणि ईस्टर बेटावरची रोंगोरोंगो यांच्या चिन्हांच्या जोड्या लावून खळबळ उडवली. सिंधू लिपीचा वापर इ.स.पू. १९०० च्या सुमारास थांबला, तर रोंगोरोंगोची पहिली नोंद १८६४ ची. मध्ये अख्खा प्रशांत महासागर. रोंगोरोंगो कोरलेल्या मूळ लाकडी फळ्यांशी ताडून पाहिल्यावर काही चिन्हं जुळावीत म्हणून रेखाटताना बदलल्याचंही आढळलं.

चिन्ह दिसतं कसं यापेक्षा ते लिपीत काम काय करतं, हे पाहायला हवं. आणि त्यासाठी इजिप्तसारखं उदाहरण नाही.

इजिप्तच्या चित्रलिपीत शब्दाची फक्त व्यंजनं लिहीत. स्वर नसल्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून शब्दाच्या शेवटी बहुधा एक मुकं चित्र येई, ज्याचा उच्चार करायचा नसे. ते फक्त शब्द कशाबद्दल आहे हे सांगे. याला निर्धारक म्हणतात. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि तिथला नेहमीचा वारा नेमका उलटा, उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणून उत्तरेला जाताना शीड उतरवून प्रवाहाबरोबर जायचं, दक्षिणेला जाताना शीड उभारून वाऱ्यावर. लिपीतही तसंच! ‘खेदी’ म्हणजे उत्तरेला जाणे, त्यापुढे बिनशिडाची होडी. ‘खेंती’ म्हणजे दक्षिणेला जाणे, त्यापुढे शीड उभारलेली होडी. नुसतं शीड काढलं तर वारा किंवा श्वास. ‘पालथं होणे’ या क्रियापदापुढे चक्क उलटी होडी.

दक्षिण म्हणजे प्रवाहाविरुद्ध, ही सवय इतकी मुरलेली होती की इजिप्तचा राजा पहिला थुटमोस याचा इ.स.पू. १५०० च्या सुमाराचा टोम्बोस (आजचं सुदान) इथला शिलालेख इराककडच्या युफ्रेटिस नदीला ‘उलटं पाणी’ म्हणतो, प्रवाहाविरुद्ध जाताना प्रवाहाबरोबर नेणारं. ती नदी दक्षिणेकडे वाहते, एवढीच त्यातली अडचण!

सुमेरमध्ये, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकमध्ये, ‘मा’ म्हणजे होडी. तिचं चित्र आडवं फिरलं, ओल्या मातीत बोरूच्या खुणांनी मोडलं आणि काही शतकांत ओळखू येईनासं झालं. चीनमध्ये आन्यांगला सापडलेल्या, भविष्य पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवर इ.स.पू. १२०० च्या सुमारास होडीचं चिन्ह दिसतं. ‘पुढे’ या अर्थाच्या अक्षरात पाऊल आणि खाली होडी आहे, म्हणजे न चालता पुढे जाणं, असं चिनी कोशकार शू शेन यांनी इ.स. १०० च्या सुमारास लिहिलं. आजच्या अक्षरात त्या होडीच्या जागी चंद्राच्या अक्षरासारखा आकार दिसतो.

आता सिंधू लिपी. ती अजून कुणाला वाचता आलेली नाही. तिथलं सर्वांत जास्त वेळा येणारं चिन्ह इंग्रजी ‘यू’सारखं, वर दोन कान असलेलं. कुणाला त्यात मडकं दिसतं, कुणाला होडी, कुणाला गाईचं तोंड. या लिपीचे अभ्यासक इरावथम महादेवन यांच्या १९७७ च्या सूचीत ४१७ चिन्हं आहेत आणि एकूण चिन्ह-नोंदींपैकी सुमारे दहा टक्के या एकाच चिन्हाच्या. ते बहुतेक वेळा लेखाच्या अखेरीला येतं, म्हणजे काम प्रत्ययासारखं असावं. तसं असेल तर ते मडकं की होडी, हा वाद वाचनाला फारसा उपयोगी नाही. लेख सरासरी पाचच चिन्हांचे असल्यामुळे अंदाज पडताळायलाही जागा उरत नाही.

मोहेंजोदडोच्या एका मातीच्या पट्टीवर खरी होडी आहे, मधल्या खोपीसकट, दोन्ही बाजूंना पक्षी आणि मागे सुकाणूची वल्ही. पण ते चित्र आहे, अक्षर नव्हे. अशा होड्या दूरवर जात, कारण मेलुहा नावाच्या देशाची जहाजं आपल्या अक्कडच्या धक्क्याला लागतात असं प्राचीन इराकमधल्या अक्कडचा राजा सार्गोन याने अभिमानाने कोरून ठेवलंय. मेलुहा म्हणजे बहुधा सिंधूचाच प्रदेश. लूव्र संग्रहालयात शू-इलिशू नावाच्या ‘मेलुहाच्या भाषेच्या दुभाष्या’ची मुद्राही आहे. मेलुहाची आणि अक्कडची अशा दोन्ही भाषा जाणणारी माणसं होती, तर सिंधू आणि तिथली अशा दोन्ही लिप्यांतला एखादा लेख इराकच्या मातीत निघू शकतो. तो सापडला तर कुठल्याही तक्त्याविना ही लिपी बोलायला लागेल.