इंजिनिअरचं एस्टिमेट आणि कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन, यात गल्लत करू नका

घर बांधायला काढलं की दोन कागद हमखास हातात पडतात. एक इंजिनिअरने सही-शिक्का मारून दिलेलं एस्टिमेट आणि दुसरं कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन, जे कधी लेटरहेडवर असतं तर कधी सरळ व्हॉट्सॲपवर येतं. दोन्हीच्या तळाला एकेक गोल आकडा. मग घरात सुरू होतं, "एस्टिमेट ३८ चं आहे आणि हा ३४ मध्ये करून देतोय, म्हणजे चार लाख वाचले की!" वाचले बिचले काही नाहीत. ते दोन आकडे वेगवेगळ्या कामाचे आहेत, त्यांची वजाबाकी करून काहीच निघत नाही.

आधी एस्टिमेट बघू. हा नकाशावरून काढलेला हिशोब. नीट केलेलं असेल तर त्यात पहिल्यांदा मोजमापाची पानं असतात, खोदाई किती, पीसीसी (पायाखालचं बिनस्टीलचं साधं काँक्रीट) किती, फुटिंग (कॉलमचा पाया)-कॉलम-बीम-स्लॅबचं काँक्रीट किती, स्टील किती किलो, वीटकाम, गिलावा, फरशी, आणि मग प्रत्येक आयटमपुढे दर आणि रक्कम. दर बांधकाम खात्याच्या दरसूचीतले, ज्याला सगळे डीएसआर म्हणतात, नाहीतर चालू बाजारभावाचे. शेवटी किरकोळ खर्चाचे म्हणून ३ ते ५ टक्के. पण यात "एवढ्यात मी करून देतो" असं कोणीच म्हटलेलं नसतं हं. काम एवढं आहे आणि या दराने एवढे पैसे लागतील, बस.

या कागदाची खरी किंमत रकमेत नाही, परिमाणात आहे. उदाहरणार्थ १००० स्क्वेअर फुटाचा स्लॅब, जाडी ५ इंच. काँक्रीट होतं साधारण ४१६ घनफूट, म्हणजे चार ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडं वर, घनमीटरमध्ये ११.८. एम-२० काँक्रीटचं १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाण धरलं तर घनमीटरला सिमेंटच्या ८ च्या आसपास गोण्या, म्हणजे निव्वळ स्लॅबला ९५ च्या घरात, बीमच्या वेगळ्या. हा हिशोब कागदावर असला की स्लॅबच्या दिवशी गोण्यांचा ढीग बघून काहीतरी विचारता तरी येतं, नाहीतर मिस्त्री सांगेल तेवढ्या मागवायच्या आणि उरलेल्या पावसात दगड होताना बघायच्या.

आता गोम अशी की बँकेला जे एस्टिमेट देतात ते बऱ्याचदा हे नसतंच. ते एक-दोन पानांचं असतं आणि खरं सांगायचं तर उलट्या बाजूने बनतं, म्हणजे आधी लोन किती पाहिजे ते ठरतं आणि मग एस्टिमेट. आरबीआयच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या होमलोनला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याच्या वर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. तुम्हाला ३२ लाख पाहिजेत, तर एस्टिमेट ४० चं होऊन येतं. बँकेच्या फाईलसाठी ते ठीक, पण लोक तोच ४० चा आकडा घराचं बजेट म्हणून डोक्यात पक्का करतात आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. ज्या एस्टिमेटला मोजमापाची पानं नाहीत त्यावरून बजेट करूच नका, इंजिनिअरला थोडी जास्त फी द्यावी लागली तरी डिटेल एस्टिमेट करून घ्या. घरखर्चात एवढा स्वस्त विमा दुसरा मिळणार नाही.

कोटेशन म्हणजे एका माणसाची ऑफर. अमुक काम, अमुक दरात, अमुक अटींवर मी करतो. आपल्याकडे घरगुती कामाला हे बहुतेक वेळा स्क्वेअर फुटाच्या एका दरात असतं, आणि कुठल्या स्क्वेअर फुटाचा हे विचारायचं राहून जातं. समजा खाली ९०० आणि वर ९०० असं घर आहे, दर ठरला २०००. तुमच्या डोक्यात १८०० गुणिले २०००, म्हणजे ३६ लाख. कॉन्ट्रॅक्टर मोजतो स्लॅब एरिया. पोर्च १५०, बाल्कनी १००, जिन्यावरची हेडरूम १००, झाले २१५०, आणि बिल ४३ लाख. त्याने फसवलं असंही म्हणता येत नाही कारण पोर्चलाही सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा फळ्या-टेकूंचा साचा) लागतं, स्टील लागतं, त्याचे पैसे तो घेणारच. काहीजण बाल्कनी अर्धी धरतात, काहीजण पूर्ण. जे काय असेल ते सहीच्या आधी लिहून घ्यायचं, एवढंच.

कोटेशनमध्ये घोळ होण्याची दुसरी जागा जमिनीखाली. कोटेशनमध्ये बारीक अक्षरात असतं की खोदाई ५ फुटांपर्यंत. कोकणात जांभा लवकर लागला तर प्रश्न नाही, पण सोलापूर, लातूर, विदर्भाकडे काळी माती, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, तिच्यावर फुटिंग ठेवून चालत नाही, खाली मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत जावं लागतं. तो ९ फुटांवर लागला तर प्रत्येक कॉलमला ४ फूट जास्त, वर खड्डे भरायला मुरूम, आणि हे सगळं एक्स्ट्रा. एस्टिमेटमध्येही इंजिनिअरने खोली अंदाजानेच धरलेली असते. म्हणून नकाशा फायनल व्हायच्या आधी प्लॉटवर जेसीबीने एक-दोन खड्डे मारून बघा की खाली काय आहे, एवढ्याशा खर्चाला कशाला मागेपुढे बघता.

तिसरं म्हणजे "बेसिक रेट". कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं टाइल्स ५० रुपये बेसिक. म्हणजे दुकानात ५० रुपये फुटापर्यंतची टाइल त्याच्या खर्चात, तुम्ही शोरूममध्ये जाऊन ८५ ची पसंत केली (आणि करणारच, तिथल्या लाइटमध्ये सगळंच छान दिसतं) तर वरचे ३५ तुमचे. नळ, दरवाजे, खिडक्या, इलेक्ट्रिकचे पॉइंट, सगळीकडे हीच पद्धत. पॉइंटची संख्या तर खास बघा, खोलीला किती पॉइंट धरलेत ते, कारण एसीचा, इन्व्हर्टरचा, सीसीटीव्हीचा पॉइंट त्यात नसतोच.

जीएसटीचं पण बघून घ्या. विथ मटेरियल कॉन्ट्रॅक्ट असेल आणि कॉन्ट्रॅक्टर जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्के लागतो आणि कोटेशनच्या खाली "टॅक्स एक्स्ट्रा" एवढंच असतं. फक्त लेबरचं काम आणि स्वतःचं एकटं घर असेल तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे, मग मटेरियल तुम्ही आणायचं आणि त्याचा टॅक्स दुकानातल्या बिलात भरायचा. बरं, सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे त्याआधीचं एस्टिमेट घेऊन बसला असाल तर दर परत बघून घ्या.

काही खर्च दोन्ही कागदांत नसतात, आणि खरं बजेट तिथेच फाटतं. परवानगीचे चार्जेस, लेबर सेस (बांधकाम कामगारांसाठीचा उपकर, लागू असेल तर), आर्किटेक्टची फी, बोअर, सेप्टिक टँक, पाण्याची खालची टाकी, कंपाउंड आणि गेट, बांधकामासाठीचं टेम्पररी लाइट कनेक्शन, मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब. यातली सेप्टिक टँक आणि कंपाउंड कोणीतरी "ते बघू नंतर" म्हणून सोडतं आणि शेवटी पेंटिंगचे पैसे तिकडे जातात.

डिझाईनचाही इथे संबंध आहे, कारण रेट तोच राहतो आणि परिमाण वाढतं. वरचं बाथरूम खालच्या बाथरूमवर न घेता हॉलवर घेतलं की सनकन स्लॅब (पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅब), पाइप फिरवणं, वॉटरप्रूफिंग आणि खाली फॉल्स सीलिंग. हॉलमध्ये मधे कॉलम नको म्हटलं की स्पॅन (दोन कॉलममधलं अंतर) वाढला, बीम खोल झाला, स्टील वाढलं. एलिव्हेशनला कोपरे आणि बाहेर आलेले बॉक्स जितके, तितकं सेंट्रिंग आणि गिलावा. असे हट्ट करायचे असतील तर नकाशावर करा, खोडरबर तिथेच चालतं. कॉलम उभे राहिल्यावर बदललं तर ते कोटेशनच्या बाहेरचं काम, आणि त्याचा दर त्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर सांगेल तो.

तुलना करायचीच तर अशी करा. डिटेल एस्टिमेटमधली परिमाणं घ्या, दराचा कॉलम रिकामा ठेवा आणि तीन कॉन्ट्रॅक्टरना तोच कागद भरायला द्या. काहीजण कंटाळा करतील, म्हणतील साहेब आम्ही स्क्वेअर फुटावरच करतो. ठीक आहे, मग निदान त्याच्या कोटेशनमध्ये एस्टिमेटमधले कुठले आयटम येतात आणि कुठले नाहीत त्यावर टिक करून त्याची सही घ्या, आणि एक्स्ट्रा कामाचे दर, म्हणजे जास्तीची खोदाई, जास्तीचं काँक्रीट, जास्तीची भिंत, आधीच लिहून घ्या.

आणि पैशाचे टप्पे. बँक काम झाल्यावर, व्हॅल्युअर बघून गेल्यावर हप्ता सोडते, तोही तुमच्या वाट्याचे पैसे आधी लावल्यावर. कॉन्ट्रॅक्टरला स्लॅब टाकायच्या आधी पैसे लागतात कारण स्टीलवाला उधार देत नाही. म्हणजे प्रत्येक टप्प्याला मधले काही आठवडे पैसे तुमच्या खिशातून फिरणार. कोटेशनमधले टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवून घ्या, प्लिंथ (जोतं), स्लॅब, वीटकाम, गिलावा, फिनिशिंग अशीच नावं दोन्हीकडे ठेवा, आणि एका स्लॅबच्या स्टील-सिमेंटएवढी रक्कम एफडीत न अडकवता हाताशी ठेवा.