जंतू मारणारे रसायन माशाच्या पेशीत काय करते?

जंतुनाशक साबण, काही टूथपेस्ट, वास न धरणारे मोजे, भाजी चिरायचे प्लास्टिकचे पाट अशा कितीतरी वस्तूंमध्ये अनेक वर्षे ट्रायक्लोसॅन घातले गेले. जीवाणूंना स्निग्धाम्ले तयार करायला लागणारे एक विकर (एन्झाइम) ते अडवते, हे १९९८ मध्ये स्पष्ट झाले. ते विकर त्या रूपात प्राण्यांमध्ये नसते. त्यामुळे हे रसायन फक्त जंतूंनाच बाधेल असे वाटणे साहजिक होते. पण मोरीतून वाहून गेलेले ट्रायक्लोसॅन नदीत पोहोचते आणि माशाच्या पेशीत त्याला वेगळेच लक्ष्य सापडते.

ते लक्ष्य म्हणजे तंतुकणिका. पेशीची ऊर्जा इथे तयार होते. अन्नाच्या ज्वलनातून मिळालेल्या शक्तीने तंतुकणिका आपल्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, साठवते. साठलेले प्रोटॉन एका ठरावीक वाटेने परत येताना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनते, धरणाचे पाणी टर्बाइनवरून सोडून वीज काढावी तसे. ट्रायक्लोसॅन हे सौम्य आम्ल आहे आणि ते मेदात सहज विरघळते. त्यामुळे ते प्रोटॉन उचलून थेट पटलातूनच आत आणून सोडते आणि पुढचा न्यायला परत जाते. साठा गळतो, शक्ती उष्णतेच्या रूपात वाया जाते. पेशी ऑक्सिजन जास्त वापरते आणि तरीही तिला एटीपी कमी पडते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या कल्ल्यांना हे फार महागात पडू शकते, कारण पाण्यातले क्षार शरीरात ओढून घ्यायला त्यांना सतत ऊर्जा खर्चावी लागते.

हे तपासायला दर वेळी जिवंत मासे मारायची गरज नाही, ही मला या क्षेत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. रेनबो ट्राउट माशाच्या कल्ल्यांपासून मिळवलेली ‘आरटीगिल-डब्ल्यू१’ ही पेशीमालिका, म्हणजे सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी, प्रयोगशाळेत साध्या हवेत, सुमारे १९ अंश सेल्सिअसला वाढते. तीन रंगद्रव्ये वापरून पेशीचा चयापचय, पटलाचा शाबूतपणा आणि लायसोसोमची (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांची) स्थिती एकाच वेळी पाहता येते. २०२१ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने या चाचणीला अधिकृत मार्गदर्शक पद्धतीचा दर्जा दिला. चाचणीच्या द्रावणात मात्र प्राण्यांच्या रक्ताचे सीरम नसावे लागते. त्यातली प्रथिने रसायनाला धरून ठेवतात आणि विषारीपणा आहे त्याहून कमी दिसतो.

पेशी मरू लागतात ती मात्रा नदीत एरवी आढळणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच जास्त असते, हे खरे. पण तेवढ्यावर निश्चिंत होणे मला पटत नाही. सांडपाणी शुद्धीकरणात ट्रायक्लोसॅनचा काही भाग मिथाइल ट्रायक्लोसॅनमध्ये बदलतो. ते मेदात आणखी सहज मुरते आणि माशांच्या शरीरात सापडलेही आहे. शिवाय २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रायक्लोसॅन दिलेल्या फॅटहेड मिनो माशांच्या पिलांचे पोहणे मंदावलेले दिसले. पेशी मेलेली नसतानाही मासा दुबळा होऊ शकतो.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसॅनसह १९ घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायला लावले. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहेत असे उत्पादकांना दाखवता आले नव्हते. बेन्झाल्कोनियम क्लोराइड या दुसऱ्या जंतुनाशकाचा निर्णय मात्र तेव्हा पुढे ढकलला गेला, आणि अनेक साबणांत आता तेच असते. त्याचा धनभारित रेणू पेशीच्या ऋणभारित पटलाला चिकटतो आणि पटल विस्कटतो. पटल जीवाणूचे असो वा कल्ल्याच्या पेशीचे.