हिरवळीऐवजी देशी फुलबाग

घरापुढच्या अंगणातील कापीव हिरवळ (लॉन) काढून तेथे मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे इ. परागवाहक कीटकांना मधुरस, पराग व अळ्यांचे खाद्य पुरवणाऱ्या स्थानिक वनस्पती लावण्याची पद्धत. ठाणे व नवी मुंबईत बंगले, रो-हाऊस आणि सोसायट्यांच्या दर्शनी पट्ट्यांत ती आढळते. घोडबंदर रस्त्यालगतचे ओवळेकर वाडी फुलपाखरू उद्यान हे अशा लागवडीचे परिचित, मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण होय.

‘देशी’ कशाला म्हणावे, हा यातील मुख्य वाद. कढीपत्ता, अडुळसा, रुई यांबद्दल फारसे दुमत नाही. जास्वंद पूजेत रुळलेली असली, तरी रानात ती आपोआप वाढलेली निर्विवादपणे आढळत नाही; तिचे मूळ पूर्व आशिया ते पॅसिफिक बेटे या टापूत शोधले जाते. झेंडू मेक्सिकोकडचा. कागदी लिंबू संकरज असून त्याचा उगम ईशान्य भारत व आग्नेय आशियाकडे मानतात. सह्याद्रीतला त्याचा भाऊबंद म्हणजे माकडलिंबू. घाणेरी (टणटणी) अमेरिकेतून आली. कोलकात्याच्या वनस्पतिउद्यानातील तिच्या आगमनाचा काळ सामान्यतः १८०७ ते १८०९ असा देतात. तिच्यावर फुलपाखरांची झुंबड उडते म्हणून काही जण ती सुचवतात. पण पक्षी तिचे बी रानात नेतात आणि ठाण्याला येऊरचे जंगल खेटूनच आहे. फुलपाखरू सोयीच्या कोणत्याही फुलातला रस पिते, अळी मात्र ठरावीक पानेच खाते. म्हणून खाद्यवनस्पती स्थानिकच असाव्यात, मधुरसासाठी न पसरणारी परकी झाडे चालतील, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

काढायचे गवत कोणते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. नर्सरीतून चटईसारखे आणून अंथरलेले गवत लाल मातीसकट गुंडाळून उचलता येते. फटींतून शिरलेली हरळी खालीच राहते. हरळी म्हणजेच दूर्वा (सायनोडॉन डॅक्टिलॉन). तिचे मूळस्थान आफ्रिका की दक्षिण आशिया याविषयी मतभेद असले, तरी वैदिक वाङ्मयातील उल्लेखांवरून तिचे येथील वास्तव्य फार जुने ठरते. म्हणजे देशी लावण्यासाठी उपटायची तीही जवळजवळ देशीच. गणपतीपुरती ती एका कुंडीत ठेवतात. कुदळीने खणल्यास हरळी उलट वाढते. तिचे मूलक्षोड (जमिनीखालचे आडवे खोड) दोरीसारखे पांढरट व टोकाला सुईसारखे अणकुचीदार असते. त्याच्या प्रत्येक पेऱ्याला डोळा असतो आणि तुटलेला तुकडा नवे रोप होतो.

यावर उन्हाने माती तापवण्याचा उपाय करतात. मार्चअखेर गवत बुडापासून कापून माती २० सेंमी. खोलवर भिजवावी, ५० मायक्रॉनचे पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटेल असे ताणून कडा १५ सेंमी. गाडाव्यात आणि सहा आठवडे तसेच ठेवावे. काळ्या प्लास्टिकखाली माती तेवढी तापत नाही. दुपारची सावली पडणाऱ्या जागी हा उपाय फसतो. तेथे पंजा या अवजाराने २० सेंमी. माती उकरून चाळावी लागते. लव्हाळ्याच्या गाठी दोन्ही उपायांतून वाचतात, त्यामुळे पहिला पावसाळाभर दर आठवड्याला निंदणी चुकत नाही. गवत दडपण्यासाठी पुठ्ठे अंथरण्याच्या रीतीत येथे वाळवी लागते.

लागवड जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करतात. २० चौ. मी. जागेत मागच्या बाजूला माकडलिंबू १, कढीपत्ता १ व अडुळसा २ (अंतर १·२ मी.), कोपऱ्यात रुई १, मध्ये पिवळी कोरांटी ६ (७५ सेंमी.), कुंपणावर सापसंदाचे २ वेल आणि पुढे घागरी, तेरडा व टाकळा बियांपासून, असे प्रमाण पुरते. माकडलिंबावर ब्लू मॉरमॉन (२०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू), रुईवर प्लेन टायगर, कोरांटीवर यलो पॅन्सी, टाकळ्यावर ग्रास यलो आणि सापसंदावर कॉमन रोझ व क्रिमझन रोझ यांच्या अळ्या वाढतात. घागरीच्या वाळक्या भागांवर टायगर गटातील नर फुलपाखरे अल्कलॉइडे (वनस्पतीतील कडवट, विषारी द्रव्ये) शोषायला येतात. कारवी अंगणात लावून उपयोग नाही. ती अनेक वर्षांतून एकदाच फुलते. रोपे येऊरच्या जंगलातून आणू नयेत; ते राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र आहे. पालापाचोळ्याचे आच्छादन ५ सेंमी. पुरे, आणि एक चौ. मी. उन्हाची माती उघडीच ठेवावी, कारण कित्येक एकट्या राहणाऱ्या मधमाश्या जमिनीत बिळे करतात.

नवी मुंबईत खाडीलगतच्या भरावावर मुरूम घट्ट बसलेला व माती खारी असू शकते. तेथे ३० सेंमी. उंच वाफे करतात.

अपयशाचे नेहमीचे कारण औषध. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही (रोपाच्या रसात भिनणारे) कीटकनाशक दिलेल्या रोपाची पाने खाऊन अळ्या मरतात, म्हणून बी किंवा छाट कलम बरे. लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखा दिसणारा तपकिरी-पांढरा ठिपका ही बहुधा मॉरमॉनची किंवा लाइम फुलपाखराची लहान अळी असते. माळी नेमकी तिच्यावरच फवारणी करतो. वाळलेली ताटे फेब्रुवारीपर्यंत कापू नयेत, त्यांवर कोष असू शकतात. ‘गवत माजलंय’ ही सोसायटीतली तक्रार याच दिवसांत येते. तेव्हा रस्त्याकडचा अर्धा मीटर पट्टा कापून नीटस ठेवतात आणि मागचा भाग तसाच राहू देतात.