एचआयव्हीची औषधे आली, पण माणसे कुणाच्या आस्थापनेवर?

28 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी संसदेपुढच्या भाषणात एचआयव्हीविरोधात पाच वर्षांसाठी 15 अब्ज डॉलर जाहीर केले. आफ्रिकेत सुमारे 3 कोटी लोकांना लागण झाली आहे आणि औषध मिळते ते जेमतेम 50 हजारांना, असे त्यांनी त्याच भाषणात सांगितले. औषधांचा खर्च तोवर माणशी वर्षाला 12 हजार डॉलरवरून 300 डॉलरच्या आत आला होता. या घोषणेतून ‘पेपफार’ हा अमेरिकेचा एचआयव्हीविरोधी मदत कार्यक्रम उभा राहिला. पैसा आला, गोळ्याही आल्या. पण रक्त तपासणारी, गोळ्यांची सवय लावणारी, तारखेला न आलेल्या रुग्णाचे घर शोधत जाणारी माणसे कुठून आणायची आणि त्यांचा पगार कुणी काढायचा? या कार्यक्रमांवर पुढे आलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ मला याच प्रश्नात दिसते.

डॉक्टर, परिचारिका आणि सुईणींचा तीव्र तुटवडा असलेले 57 देश जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली मोजले. त्यातले 36 सहाराच्या दक्षिणेकडचे. पण तुटवडा नेहमी माणसांचाच होता असे नाही. केनियात दवाखान्यांत जागा रिकाम्या होत्या आणि त्याच वेळी प्रशिक्षित परिचारिका घरी बसून होत्या, कारण सरकारच्या पगारखर्चावर मर्यादा होती. तिथे परदेशी निधीतून तातडीची भरती झाली. अमेरिकेच्या मदतीच्या एका प्रकल्पातून सुमारे 830 जण तीन वर्षांच्या कंत्राटावर घेतले गेले. पगार आणि सेवाशर्ती मात्र सरकारी दराच्याच ठेवल्या. मुदत संपल्यावर सरकारने त्यांना सेवेत सामावून घ्यावे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. एवढी एक अट घातली की किती फरक पडतो!

बहुतेक ठिकाणी ही अट नव्हती. पेपफारचा कारभार प्रत्येक देशात अमेरिकी राजदूताच्या हाताखाली चाले. त्यात विकास संस्था यूएसएड, रोगनियंत्रण संस्था सीडीसी, संरक्षण खाते आणि परदेशी स्वयंसेवक पाठवणारी पीस कोअर असे सगळेच होते. प्रत्येकाची माणसे वेगळी, नियम वेगळे. सर्वांनी मिळून दरवर्षी देशाचा आराखडा लिहायचा आणि तो वॉशिंग्टनहून मंजूर करून आणायचा. अमेरिकी अधिकारी काही वर्षांनी बदलून जात. दूतावासात नेमलेले स्थानिक कर्मचारी तिथेच राहत, आणि मागच्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात काय फसले हे त्यांनाच ठाऊक असे. माझ्या मते कार्यक्रमाची खरी स्मरणशक्ती तीच होती, पण अधिकार वरच्या खुर्चीत असत.

उपचाराचे सुरुवातीचे मोठे अनुदान चार अमेरिकी संस्थांना मिळाले: कोलंबिया आणि हार्वर्ड विद्यापीठे, एलिझाबेथ ग्लेझर फाउंडेशन, आणि कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसच्या नेतृत्वाखालचा गट. घाई होती, माणसे मरत होती, म्हणून तयार यंत्रणा असलेल्यांना काम दिले. त्यात चूक काढता येत नाही. मात्र या संस्था जे पगार देत, ते मंत्रालयाला परवडणारे नव्हते. सरकारी दवाखान्यातली अनुभवी परिचारिका प्रकल्पात जाई आणि प्रसूतिकक्षात तिची जागा रिकामी राही. सरकारी माणसे अशी ओढून न्यायची नाहीत, ही आचारसंहिता स्वयंसेवी संस्थांनी स्वतःवर घालून घेतली ती 2008 मध्ये.

मलावीने वेगळी वाट धरली. पेपफारच्या सुरुवातीच्या 15 देशांत त्याचे नावच नव्हते. पैसा मुख्यतः ब्रिटनचा आणि ग्लोबल फंडाचा, म्हणजे एड्स, क्षयरोग व मलेरियासाठी देशांना अनुदान देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीचा. 2004 मध्ये तिथल्या सरकारने ठरवले की वेगळी फौज उभी करण्याऐवजी आहे त्या कर्मचाऱ्यांना टिकवायचे. 11 संवर्गांच्या पगारात 52 टक्के वाढ देण्यात आली. डॉक्टर इतके कमी की उपचार सुरू करण्याचे काम क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी) आणि परिचारिकांकडे दिले. पहिल्या टप्प्याचे औषध सर्वांना एकच. प्रत्येक रुग्णाचे एक जाड कागदाचे कार्ड आणि दवाखान्याची एक नोंदवही. दर तिमाहीला देखरेखीचे पथक येई आणि कार्डे स्वतः मोजे: किती जिवंत, किती दगावले, किती दुसरीकडे गेले, कितींचा पत्ता लागेना. कार्डे आणि नोंदवहीचा मेळ बसेपर्यंत आकडा पुढे जात नसे. क्षयरोग कार्यक्रमातून घेतलेली ही पद्धत. परदेशी सल्लागार होते, पण कार्ड भरणारा आणि मोजणारा हात सरकारी कर्मचाऱ्याचा होता.

युगांडात याच्या उलट घडले. ग्लोबल फंडाचे स्वतःचे कार्यालय कोणत्याही देशात नसते. तिथे अनुदानासाठी मंत्रालयात वेगळा प्रकल्प कक्ष उभारला गेला, त्यात गंभीर गैरव्यवस्थापन आढळले आणि ऑगस्ट 2005 मध्ये पाचही अनुदाने थांबली. नोव्हेंबरात स्थगिती उठली.

अमेरिकेतही धोरण हलले. 2008 च्या कायद्याने किमान 1 लाख 40 हजार नवे आरोग्य कर्मचारी घडवण्याचे आणि टिकवण्याचे उद्दिष्ट घातले. 2018 मध्ये पेपफारचा 70 टक्के निधी स्थानिक संस्थांमार्फत देण्याचे ठरले. स्थानिक संस्था पुढे आल्या, अमेरिकी नावे मागे सरली, पण समुपदेशक राहिला कंत्राटीच. त्याचा नियोक्ता बदलला, पगाराचा झरा तोच.

20 जानेवारी 2025 रोजी तो झरा अडवला गेला. परदेशी मदत 90 दिवस स्थगित करण्याचा आदेश निघाला, काही दिवसांत काम थांबवण्याची पत्रे पोहोचली. जीवरक्षक उपचारांना नंतर सूट मिळाली, पण तोवर अनेक केंद्रांना कुलूप लागले होते. दक्षिण आफ्रिका एचआयव्हीवरचा बहुतांश खर्च स्वतः करते, औषधेही स्वतः घेते. तरीही तिथे पेपफारच्या पैशावर काम करणाऱ्या 15 हजारांहून अधिक लोकांपैकी 8 हजारांवर जणांची नोकरी गेली. गोळ्या कपाटात होत्या; चुकलेल्या रुग्णाला फोन करणारा माणूस नव्हता.

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने नवे धोरण आणले: संस्थांऐवजी थेट सरकारांशी करार आणि आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांचा भार टप्प्याटप्प्याने त्या त्या देशावर. पहिला करार डिसेंबरात केनियाशी झाला. आता तिथल्या मंत्रालयांपुढचा प्रश्न अगदी कारकुनी आहे आणि म्हणूनच अवघड आहे. डेटा क्लार्क, समुपदेशक, नव्या मातांना आधार देणारी स्वतः एचआयव्हीसह जगणारी बाई ही पदे प्रकल्पांनी निर्माण केली. सरकारी आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, यांतल्या अनेकांना पदनामच नाही, वेतनश्रेणी कुठून असणार?