‘कॉन्स्ट’, ‘प्युअर’ आणि बदलती मेमरी : पार्श्वभूमी

एकच फंक्शन त्याच आर्ग्युमेंटसह दोनदा बोलावले असेल, तर दुसरा कॉल गाळता येईल का, हा प्रश्न कंपायलरपुढे (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनापुढे) फार पूर्वीपासून आहे. फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेने एकाच मेमरीला दोन आर्ग्युमेंटच्या नावांनी गाठून तिच्यात बदल करणेच निषिद्ध ठरवले आणि फोरट्रान ९५ मध्ये दुष्परिणाम नसलेल्या फंक्शनसाठी ‘प्युअर’ हा शब्दही भाषेत आणला. सी भाषेत पॉइंटरला (मेमरीतला पत्ता धरून ठेवणाऱ्या चलाला) असे बंधन नव्हते. तिच्या पहिल्या प्रमाणकाच्या मसुद्यात शिरलेला, ‘या जागेला दुसऱ्या नावाने कोणी हात लावत नाही’ असे सांगणारा ‘नोअलायस’ हा शब्द कडाडून विरोध झाल्यावर १९८८ मध्ये वगळला गेला आणि त्याच हेतूचा ‘रिस्ट्रिक्ट’ यायला १९९९ उजाडले.

खरा गुंता मात्र जीसीसी या सीच्या कंपायलरमधल्या नावांचा आहे. सीच्या प्रमाणकात पॉइंटरवरचा ‘कॉन्स्ट’ म्हणजे ‘या वाटेने लिहू नका’ एवढेच. त्याच जागी दुसऱ्या पॉइंटरने लिहिता येते, त्यामुळे ऑप्टिमायझरच्या (कंपायलरमधल्या कोड वेगवान करणाऱ्या भागाच्या) हाती त्यातून फारसे काही लागत नाही. अ‍ॅट्रिब्यूट (फंक्शनला लावायची माहितीची खूण) येण्यापूर्वी जीसीसीत फंक्शनच्या टाइपला कॉन्स्ट लावला की त्याचे काही दुष्परिणाम नाहीत असे मानले जाई, आणि अ‍ॅट्रिब्यूट आल्यावरही तेच नाव चालू राहिले. पुढे आलेला ‘प्युअर’ त्याहून सैल आहे: तो बदलती मेमरी वाचू देतो, कॉन्स्ट तेही करू देत नाही. म्हणजे गणिती अर्थाने जे शुद्ध, त्याला इथे कॉन्स्ट म्हणायचे आणि प्युअर म्हणायचे ते कमी शुद्धाला. ही निवड दुर्दैवी होती, असेच म्हणावे लागते.

स्ट्रिंगची लांबी मोजणारे ‘स्ट्रलेन’ हे याचे नेहमीचे उदाहरण. ते पॉइंटरमागचे बाइट वाचते, म्हणून प्युअर आहे, कॉन्स्ट नाही. लूपच्या अटीत स्ट्रलेन ठेवून आत त्याच स्ट्रिंगची अक्षरे बदलत गेले, तर एखाद्या फेरीत स्ट्रिंगचा शेवट दाखवणारा शून्य बाइट लिहिला जाणारच नाही याची खात्री कंपायलरला सहसा देता येत नाही. लांबी दर फेरीला नव्याने मोजली जाते आणि सरळ रेषेत वाढणारे काम वर्गाच्या पटीत जाते. उलट, असे फंक्शन चुकून कॉन्स्ट जाहीर केले, तर कंपायलर त्यावर निमूट विश्वास ठेवून जुनीच लांबी वापरू शकतो. ग्लिबसी या सीच्या लायब्ररीत ‘एरनो’चा (शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या चलाचा) पत्ता देणारे फंक्शनही कॉन्स्ट आहे, प्रत्येक थ्रेडचा (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या प्रवाहाचा) पत्ता वेगळा, त्यामुळे मध्येच थांबून दुसऱ्या थ्रेडवर पुढे चालणाऱ्या कोरूटीनमध्ये हे गृहीतक अंगाशी येते.

अलीकडे ही माहिती अधिक बारकाईने नोंदवली जाते. एलएलव्हीएम या कंपायलर-संचाने २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत ‘रीडनन’ (मेमरीला हात लावत नाही), ‘रीडओन्ली’ (फक्त वाचते) यांसारख्या सुट्या खुणा एकत्र करून कोणती मेमरी वाचली आणि कोणती लिहिली हे सांगणारे एकच अ‍ॅट्रिब्यूट आणले. फंक्शन परत येईलच, हे वचन वेगळे द्यावे लागते. रस्ट भाषेत बदलता संदर्भ एकमेव असतो, ही हमी एलएलव्हीएमला देणे एलएलव्हीएममधल्याच बगमुळे अनेकदा बंद करावे लागले आणि २०२१ च्या १.५४ पासून ते पुन्हा सुरू झाले. सीच्या सी२३ या प्रमाणकाने जुनी दोन्ही नावे टाळून ‘अनसीक्वेन्स्ड’ आणि ‘रिप्रोड्यूसिबल’ ही नावे घेतली. मात्र अनसीक्वेन्स्ड म्हणजे जुना कॉन्स्ट नव्हे, कारण त्यात पॉइंटर आर्ग्युमेंटमागचे वाचायला मुभा आहे.