कोरड्या काळातली प्रार्थना: थोडी पार्श्वभूमी

वडोदऱ्यात आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं थोडीच. रविवारची उपासना गुजरातीत, घरची प्रार्थना मराठीत. आजीच्या पवित्र शास्त्रात ८८व्या स्तोत्राशेजारी पेन्सिलीची जाड रेघ आहे आणि त्या पानाचा कोपरा हाताळून मऊ पडलाय. लहानपणी मला वाटायचं, आजीनं खूण चुकीच्या जागी केली. ४२व्या स्तोत्रातली पाण्यासाठी लुलपणारी हरिणी निदान शेवटी आशेकडे वळते. ८८वं अंधारातच संपतं. आजोबा गेले त्या वर्षीची ती रेघ, हे आईनं पुढे सांगितलं. त्या स्तोत्रकर्त्याला उत्तर मिळत नाही, पण तो रात्रंदिवस धावा देवाचाच करतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या एव्हाग्रियस (मृत्यू ३९९) या संन्याशानं प्रार्थनेत मन कोरडं पडण्याची ही अवस्था फार जवळून पाहिली. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, कोणी भेटायला येतंय का म्हणून. मग त्याला खोली नकोशी होते, मग हातातलं काम. एव्हाग्रियसचं सांगणं एवढंच, की खोली सोडू नकोस. वडोदऱ्यातल्या मे महिन्याच्या दुपारी हे वाचलं की प्रत्येक ओळ ओळखीची वाटते.

पुढे स्पेनमध्ये क्रूसाचा संत योहान या संन्याशाला १५७७च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या बंधूंनी टोलेडोला कोंडलं. अरुंद कोठडीत जवळजवळ नऊ महिने काढून तो ऑगस्ट १५७८मध्ये निसटला. त्यानं लिहिलं, की आई लेकराला कडेवरून खाली ठेवते ती त्यानं चालायला शिकावं म्हणून. प्रार्थनेतला गोडवा देव तसाच काढून घेतो. या कोरडेपणाची एक खूणही त्यानं दिली: आपण देवाची सेवा करत नाही, ही काळजी मनाला लागून राहते. मला ही खूण फार मोलाची वाटते. जो खरंच दुरावला, त्याला दुराव्याची रुखरुख कशाला लागेल? मनाच्या आजारातली उदासी मात्र योहानही वेगळी धरतो. झोप-भूकच उडाली असेल तर पाळकांइतकीच डॉक्टरांचीही गरज असते.

आपल्या मराठीत पंडिता रमाबाईंची साक्ष आहेच. १८८३मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं, की ख्रिस्ती धर्म हाती आला, ख्रिस्त अजून भेटलेला नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या, जगभर नाव झालेल्या बाईनं हे उघड लिहून ठेवावं, याला केवढं धैर्य लागलं असेल! आणि ती भेट व्हायच्या आधीच, १८८९मध्ये, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं होतं. मन भरून येण्याची वाट बघत त्या थांबल्या नाहीत. विधवा मुलींना शिकवायचं होतं, त्या शिकवत राहिल्या. पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९००च्या सुमारास, गुजरात आजही ज्याला छप्पनियो म्हणतं त्या दुष्काळात, इथल्या उपाशी, निराधार मुलींना तिथे आसरा मिळाला.